टेबलाची फोड

दारावरच्या माणसाने बोरामच्या मनगटाभोवती सोनेरी पट्टी गुंडाळली, टोक अंगठ्याने दाबून चिकटवलं आणि "वर, डावीकडे" म्हणत तिला पुढे सरकवलं. साडेचार लाख वॉनमध्ये काय काय मिळणार आहे, हा हिशेब तिने गेल्या तीन आठवड्यांत इतक्यांदा केला होता की जिन्याच्या एकेका पायरीवर एकेक बाब तिला तोंडपाठ म्हणता आली असती. रांगेत ताटकळणं नाही, ही एक. बसायला जागा, ही दुसरी. एकतिसाव्या वर्षी, दिवसभर बाकावर वाकून काम करणाऱ्या कमरेच्या दृष्टीने ही बाब क्षुल्लक नव्हती. पिण्याचं वेगळं बिल नाही. डीजे सोगुम अगदी हाताच्या अंतरावर. आणि शेवटची बाब, जी रकमेत धरायची नसते पण जिच्यासाठी बाकीच्या मांडाव्या लागतात: सहा वर्षांनी पुन्हा एकदा ग्युरी ऑन्नीच्या शेजारी उभं राहून ते सगळं ऐकणं.

ग्युरी दोन पायऱ्या पुढे होती. तिने मागे वळून बोरामच्या बुटांकडे पाहिलं.

"हे घालून आलीस? लॅबमधून सरळ आलीस की काय?"

"नाचायचंय ना, ऑन्नी."

"टेबलवाले नाचत नाहीत. टेबलवाले बसून नाचणाऱ्यांना बघतात. उचल पाय."

ग्युरी तिच्याहून तीन वर्षांनी मोठी. सख्खी बहीण नव्हे, पण ऑन्नी म्हणायला तीन वर्षं पुरतात. बुचोनच्या दातांच्या लॅबमध्ये बोराम नवीन लागली तेव्हा मेणाच्या दातावर सुरी कशी टेकवायची हे तिला ग्युरीने शिकवलं, आणि त्याच महिन्यात एका शुक्रवारी तिला होंगदेच्या एका तळघरात नेलं. पंधरा हजार वॉन, त्यात एक बिअर. चाळीसेक माणसं, छताला लागलेली ओल, आणि कोपऱ्यात सोगुम नावाचा एक किडकिडीत माणूस, जो दिवसा जुन्या तबकड्या विकायचा आणि रात्री त्याच वाजवायचा. "पायाने ऐकू नकोस," ग्युरी तेव्हा तिच्या कानात ओरडली होती, "खाली काय चाललंय ते सगळ्यांनाच कळतं. वर काय बदलतंय ते बघ." दोन वर्षं त्यांचा एकही शुक्रवार चुकला नाही. मग सोगुम बर्लिनला गेला आणि मोठा झाला. ग्युरीने लॅब सोडली आणि एकामागून एक तीन नोकऱ्या धरल्या. बोराम त्याच बाकावर राहिली. कानात सोगुमचं दोन-दोन तासांचं वाजवणं लावून ती परक्या माणसांच्या दातांच्या रंगाशी कॅपचा रंग जुळवत बसायची.

आता तो एका रात्रीसाठी परत येत होता. पण तळघरात नव्हे, गंगनममध्ये. अशा क्लबमध्ये, जिथे या दोघींनी एरवी दारापाशी उभं राहून फोटोही काढला नसता.

"टेबलाची फोड घेऊ," ग्युरीने सांगितलं होतं. एक टेबल बत्तीस-पस्तीस लाखांना जातं, एकट्यादुकट्याला परवडत नाही, म्हणून अनोळखी माणसं मिळून त्याच्या फोडी करून घेतात. ही सोय लावून देणारा रोमान नावाचा इसम ग्युरीच्या ओळखीचा. अशा माणसांना क्लबात एमडी म्हणतात. मागे कंपनी वगैरे काही नसते, हातात दोन फोन आणि तोंडात येईल-जाईल त्याच्यासाठी ताई-दादा असतं.

"साडेचार लाख? दोघींचे?" बोरामने विचारलं होतं.

"एकीचे. माझे मी कालच भरले. तुझे माझ्याकडे दे, मी त्याला पोचवते. लवकर दे हं, फोडी संपत आल्यात."

बोरामने दोन रविवार जादा काम केलं आणि पैसे दिले.

टेबलापाशी चार पुरुष आधीच बसलेले होते. ते एकमेकांचे मित्र असावेत असा बोरामचा समज झाला, तो पाच मिनिटांत गेला. चौघं रात्री दहा वाजता कोपऱ्यावरच्या दुकानासमोर पहिल्यांदा भेटले होते, आणि बर्फाची बादली कुणाच्या बाजूला ठेवायची यावरून तेवढ्यात दोघांचं बिनसलंही होतं. त्यांतला वयाने मोठा मुन्सोक, सुवॉनमध्ये जुन्या गाड्या विकायचा. त्याने आधी जन्मसाल विचारलं, मग ग्लास पुढे केला.

"सत्त्याण्णव किंवा अठ्ठ्याण्णवची असशील असं वाटलं होतं."

"चौऱ्याण्णव."

"असू दे. गाडीचंसुद्धा साल बघून घेऊ नये, इंजिन बघावं."

ग्युरी खळखळून हसली. तो विनोद एवढ्या हसण्याच्या लायकीचा नव्हता, हे बोरामच्या लक्षात आलं. ग्युरी टेबलाच्या पलीकडच्या टोकाला, दोन पुरुषांच्या मध्ये जाऊन बसली होती. बोरामने हाताने खूण केली, इकडे ये. ग्युरीने खूण केली, थांब जरा.

दीड वाजून गेल्यावर सोगुम आला. खाली गर्दीतून गलका उठला आणि बोरामही उठून उभी राहिली. टेबल खरोखरच जवळ होतं. मध्ये एक कठडा आणि पाच-सहा हातांचं अंतर. फक्त ते टेबल त्याच्या मागच्या बाजूला होतं. या क्लबची सगळ्यांत महागडी टेबलं डीजेच्या पाठीमागे मांडलेली असतात, म्हणजे खालच्या गर्दीला डीजेबरोबर टेबलवालेही दिसतात. दिसण्यासाठी पैसे मोजणाऱ्याला ही व्यवस्था उत्तम. बोरामला त्याचा काळा शर्ट दिसला, मानेवरची घडी दिसली, आणि टाळूवर रुपयाएवढं पडलेलं टक्कल दिसलं, जे होंगदेत नव्हतं.

पहिली वीस मिनिटं त्याने काहीच घाईने केलं नाही. ठेका तोच ठेवला आणि वर एकच सूर हळूहळू, कुणाच्या लक्षात येऊ नये असा, उजळवत नेला. बोरामचा श्वास त्याच्याबरोबर वर गेला. आणि नेमका तेव्हाच आवाज खाडकन बंद झाला. शेजारच्या टेबलाने शँपेनच्या सहा बाटल्या मागवल्या होत्या. फुलबाज्या पेटवून, टेबलवाल्याचं नाव पडद्यावर झळकवून त्या वाजतगाजत आणल्या गेल्या. सोगुम हात खाली सोडून उभा राहिला. त्याने घड्याळाकडे पाहिलं. वरात गेल्यावर त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

बोराम खाली बसली आणि काहीतरी करायचं म्हणून टेबलावरचं दरपत्रक वाचू लागली. या टेबलाचा दर बत्तीस लाख. माणसं सहा. साडेचार लाखांच्या सहा फोडी म्हणजे सत्तावीस. उरलेले पाच लाख कुणाचे? तिने दुसऱ्यांदा गुणाकार केला. दाताच्या कॅपमध्ये केसाएवढी फट राहिली तरी ती तिच्या नखाला कळायची; इथे तर पाच लाखांची फट होती.

ग्लासात बर्फ घालायला तिने चिमटा उचलला, तर मुन्सोकने तो हातातून काढून घेतला.

"तू कशाला? तू बस. आम्ही कशासाठी आहोत?"

"माझीही फोड आहे. माझं मी घेते."

"तुझी फोड?" त्याला ते फार गमतीचं वाटलं. त्याने शेजाऱ्याला कोपर मारलं. "ऐकलंस का? हिची फोड आहे म्हणे. मग आमचे आठ-आठ लाख कशाचे रे?"

आठ चोक बत्तीस. गुणाकार तिथल्या तिथे जुळला.

"मुलींना कुठे पैसे पडतात?" शेजारी म्हणाला. "मुली आणायच्या म्हणून तर आम्हाला पडतात."

मुन्सोकने फोन काढला, अंगठ्याने वर-खाली केलं आणि पडदा तिच्यासमोर धरला. चौघांचा आणि रोमानचा गट. रोमानने मंगळवारी लिहिलं होतं: 'टेबलावर दोन मुली नक्की. संगीतातल्या जाणकार, कटकट करणाऱ्या नाहीत. फोटो बघा.' फोटो बोरामचा होता. गंगनुंगच्या समुद्रावरचा, सात वर्षांपूर्वीचा. वाऱ्याने केस तोंडावर आलेले आणि ती मनापासून हसलेली. मूळ फोटोत दोघी होत्या. यातून ग्युरीला कापून काढलं होतं. बोरामच्या खांद्यावर फक्त तिची चार बोटं राहिली होती.

"फोटोपेक्षा तू प्रत्यक्षात बरी आहेस," मुन्सोक म्हणाला, आणि हे तो भलेपणाने म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याने फोन खाली घेतला. "काय झालं? तू खरंच पैसे भरलेस? कुणाकडे?"

टेबलाच्या त्या टोकाला ग्युरी कुणाचा तरी ग्लास भरत होती. एका हातात बाटली, दुसरा हात अदबीने कोपराखाली.

"गंमत केली," बोराम म्हणाली.

तिने ग्लास खाली ठेवला, त्याखालचा ओला कागद सरळ केला, आणि टेबलाला वळसा घालून ग्युरीच्या खांद्यावर हात ठेवला. "ऑन्नी, जरा बाहेर ये."

स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात आवाज भिंतीतून येत होता, शेजारच्या घरात कुणी सामान हलवावं तसा. ग्युरीने तिथल्या बेसिनवरच्या आरशात बघून ओठांची कड बोटाने पुसली.

"लवकर बोल. तो छान वाजवतोय."

"त्या चौघांनी आठ-आठ भरलेत."

"मग?"

"मग माझे साडेचार कशाचे?"

ग्युरी आरशातच तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलायचं की नाही याचा विचार ती करत होती, आणि बोरामला आठ वर्षांच्या सवयीने ते स्पष्ट दिसत होतं. मग ग्युरीने खांदे सोडले.

"बरं, ऐक. फुकट आहे म्हटलं असतं, तर आली असतीस?"

बोरामने मनगटावरची सोनेरी पट्टी फिरवली.

"नसती आलीस. तुला कुणी पेरू दिला तरी तू दुसऱ्या दिवशी दोन सफरचंदं घेऊन दारात उभी. परक्या पुरुषांच्या टेबलावर फुकट बसायचंय म्हटलं असतं, तर तूच मला शहाणपण शिकवत बसली असतीस. किंमत लावली म्हणून आलीस. तुझ्याचसाठी लावली मी."

"आणि पैसे?"

"भाडं तुंबलं होतं." ती आता वळली. "देईन ग. बुडवून कुठे जाणारेय? आणि खरं सांगू का, माझ्या एकटीवर रोमानने टेबल दिलंच नसतं. चौतिसाव्या वर्षी कोण देतं? म्हणाला, बरोबर कोण आहे, फोटो पाठव."

"म्हणून माझा."

"आपला एवढाच फोटो चांगला आलाय." ग्युरी हसायला गेली. "अगं, त्यात अब्रू जाण्यासारखं काय आहे? तुला कुणी हात तरी लावला का? बसायला मिळालं, प्यायला मिळालं, तो समोर वाजवतोय. मला तरी त्याला ऐकायचं नव्हतं का? तुझ्याशिवाय मला येता आलं नसतं, माझ्याशिवाय तुला. फिटलं की."

बोरामने नळ सोडला, हात धुतले, बंद केला. मग म्हणाली, "तू जा टेबलाकडे. ते वाट बघत असतील."

"आणि तू?"

"येते."

ती खाली दारापाशी गेली. सोनेरी पट्टी सहजासहजी निघणारी नव्हती. तिने दारावरच्या माणसाकडे कात्री मागितली.

"कापलीत तर वर परत जाता येणार नाही."

"माहीत आहे."

बाहेर रस्त्यावर मे महिन्यातला गारवा होता. साध्या तिकिटाच्या खिडकीपाशी रांग उरलीच नव्हती. आतल्या बाईने तिच्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. "तीस हजार. पण चाळीस मिनिटंच राहिलीत हं, आधीच सांगते."

"द्या."

मनगटावर पांढरा कागद चिकटवून ती पुन्हा आत आली, या खेपेला खालच्या दाराने. घामाच्या वासातून आणि कोपरांमधून वाट काढत ती पुढच्या कठड्यापर्यंत पोचली. इथून सोगुमचा चेहरा दिसत होता. साडेचार लाखांत पाठ होती, तीस हजारांत चेहरा. तो म्हातारा होऊ लागला होता. चष्मा कपाळावर चढवलेला, जीभ दातांत धरलेली, सुईत दोरा ओवताना माणूस धरतो तशी. बोरामने डोळे मिटले. पायाने ऐकू नकोस, वर काय बदलतंय ते बघ. वर काहीतरी बदलत होतं खास. पण त्याच्यावर सारखा एक आवाज चढत होता: भाडं तुंबलं होतं. फिटलं की. चौतिसाव्या वर्षी कोण देतं.

तिने डोळे उघडले. सोगुमच्या डोक्यावरून मागची टेबलं दिसत होती, आणि रोमानने सांगितलं असेल तसंच टेबलवाले छान दिसत होते. ग्युरी कठड्याला टेकून उभी होती. तिच्या बाजूला मुन्सोक; तो तिला काहीतरी विचारत होता आणि ती मानेने नाही म्हणत होती. मग तिने बोरामला पाहिलं. क्षणभर दोघींची नजर एक झाली. ग्युरीने हात वर करून बोटं हलवली, अगदी सहज, जणू बोराम दुकानातून काही आणायला खाली गेली होती.

शेवटी शेवटी सोगुमने ठेका काढून घेतला. पूर्णच. हजारभर माणसं एकदम गप्प झाली, आणि त्या शांततेत वरचा एकच सूर राहिला, इतका बारीक, की तो संपला की अजून आहे हे सांगता येऊ नये. बोरामने मान डावीकडे वळवली आणि म्हटलं, "बघ, आता..."

शेजारी कॉलेजातला वाटणारा, घामाने निथळणारा एक मुलगा होता.

"काय?" तो म्हणाला.

"काही नाही."

ती पहिल्या भुयारी गाडीने घरी गेली आणि दुपारपर्यंत झोपली. रविवारी संध्याकाळी सहाला फोन वाजला. ग्युरीने पैसे पाठवले होते, पूर्ण साडेचार लाख. कुठून आणले असतील हा प्रश्न बोरामच्या मनात आला आणि तिने तो बाजूला ठेवला. बरोबर एकच शब्द होता: 'फोड'. खाली पिवळं बटण, 'स्वीकारा'. दाबलं की पैसे खात्यात. चोवीस तासांत दाबलं नाही, तर आले तसे परत.

बोरामने बटणावर अंगठा नेला आणि मागे घेतला. पैसे नको होते असं नाही. पण असलं काही एकदम घेता येत नाही. हॉटेलातल्या बिलावरून, जेसाच्या, म्हणजे पितरांच्या पूजेच्या दिवशी मामीने खिशात कोंबलेल्या पाकिटावरून ती लहानपणापासून हेच बघत आली होती: आधी नको म्हणायचं, समोरच्याने पुन्हा पुढे करायचं, तिसऱ्या खेपेला घ्यायचं. मधल्या त्या ओढाताणीत जे बोलायचं ते बोलून होतं. बटण दाबलं की प्रकरण मिटणार होतं. न दाबलं, तर ग्युरीला स्वतःहून तिला फोन करावा लागला असता. विचारावं लागलं असतं, का घेत नाहीस. मग कदाचित आणखीही काही म्हणावं लागलं असतं.

सोमवारी ती कामावर होती. एका शाळामास्तरच्या पुढच्या दातावर ती पोर्सिलेनचा शेवटचा थर चढवत असताना सहा वाजले, फोन थरथरला: 'रक्कम स्वीकारली गेली नाही. पाठवणाऱ्याला परत करण्यात आली आहे.' तिने कुंचला धुतला. साडेसातपर्यंत ती बाकावरच बसून राहिली, तेव्हा दिवा घालवायला आलेल्या मालकिणीने विचारलं, "आज घर नाही का तुला?"

"निघतेय, सजांगनिम. एक फोन यायचाय."

मंगळवारी फोन आला नाही.

बुधवारी दुपारी निरोप आला. ग्युरीने हसरा चेहरा आणि दोन हृदयं टाकली होती. 'परत आले ग पैसे! म्हणजे रागावली नाहीस ना? मला वाटलंच होतं, तुझं मन मोठं आहे. या महिन्यात खरंच फार मदत झाली. तुझी ऑन्नी विसरणार नाही.' खाली आणखी एक ओळ: 'रोमान विचारत होता, जूनमध्ये येशील का. या वेळी फुकट, शप्पथ.'

बोरामने तो निरोप दोनदा वाचला. मग फोन पालथा ठेवला आणि शाळामास्तरचा दात उजेडाकडे धरला. रंग जुळला होता.

त्या रात्रीचे मुन्सोकचे आठ लाख गेले, बाकी तिघांचे आठ-आठ गेले, बोरामचे चार लाख ऐंशी हजार. पैसे ग्युरीनेही दिले होते, नाही असं नाही. साडेचार लाख, चोवीस तासांसाठी.